आईच्या खोलीतली हवा

आईला रक्ताचा कर्करोग झाला आणि केमो सुरू झाल्यावर डॉक्टरांनी तिला भेटायला येणारी माणसं बंद केली. प्रतिकारशक्ती इतकी खाली गेली होती, की कुणाचं साधं सर्दी-पडसंही तिला महागात पडलं असतं. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती एका खोलीत अडकली. दुखण्याबद्दल ती कुरकुरली नाही. पण दाराची बेल वाजली की कोण आलंय विचारायची, आणि आलेलं माणूस बाहेरूनच परत गेलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

ते बघवेना म्हणून मी डॉक्टरांना विचारून तिच्या खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र बसवलं. त्यातला पंखा खोलीतली हवा आत ओढतो. आतल्या जाळीला एक पांढरा लेप असतो. त्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश पडला की हवेतले जंतू आणि वासाचे कण तिथेच मोडतात. दिवा डोळ्यांना वाईट, म्हणून पेटी पूर्ण बंद. डॉक्टरांनी बजावलं, की ही मदत आहे, कवच नव्हे. खिडकी उघडी ठेवा, मास्क सोडू नका. पण एका वेळी एक माणूस, थोडा वेळ, चालेल म्हणाले.

आईने पहिलं नाव घेतलं ते मासळीवाल्या मावशींचं. त्या उरणकडून टोपली घेऊन यायच्या, आणि मासळी घेऊन झाली तरी आईशी त्यांचं बोलणं संपायचं नाही. मी फोन केला. मावशी आल्या त्या टोपली न घेता, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून.

नेमका तेव्हा यंत्राची जाळी साफ करायला माणूस आला होता. काम संपवून निघताना तो दारातच मला म्हणाला, की आता वासाचंही टेन्शन नाही, घरात मासळी आली तरी कळणार नाही. त्याला मावशी कोण ते माहीत नव्हतं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर थांबलेल्या मावशींनी पदर आवळून घेतला. पाच मिनिटांत घरी काम आहे म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी फोन केला की आज नाय जमत, उद्या बघते, असं म्हणायच्या. आईने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "फोन लाव आणि मला दे."

पलीकडून मावशी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "ताई, आमच्या अंगाला वास हाय. धुतला तरी जात नाय. तुमी आजारी, कशाला उगाच."

"तो वास मी इतकी वर्षं घेत आलेय," आई म्हणाली. "हे यंत्र तुझ्या वासासाठी नाही गं लावलं. तू आत येऊन बसावंस म्हणून लावलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या. मास्क नाकावर नीट चढवून खिडकीपाशी बसल्या आणि खाडीत भराव टाकल्यापासून मासळीसाठी किती लांब जावं लागतं ते सांगत राहिल्या. आई ऐकता ऐकता झोपली, तरी त्या थोडा वेळ बसून होत्या.

उपचार लांबले. मधे एकदा ताप येऊन आईला पुन्हा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कशामुळे आला ते कळलं नाही. मावशींना वाटत राहिलं की आपल्यामुळेच. डॉक्टरांनी तसं काही म्हणता येणार नाही सांगितलं, आणि मी ते त्यांना दोनदा फोन करून कळवलं. त्या रडल्या.

हळूहळू आईचे रिपोर्ट सुधारले. घराबाहेर जायची परवानगी मिळाल्यावर तिने मला उरणला न्यायला सांगितलं. मावशींच्या सुनेने अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. खाडीवरून वारा येत होता. मावशींनी जिताडा माशाचं कालवण केलं होतं. आई फार जेवली नाही, पण एक तुकडी संपवून तिने आणखी रस्सा मागितला.