आप्पांचा समुद्र आणि माझे तीन स्किमर

त्या वर्षी आमच्या घरात तीन मृत्यू झाले. पहिला सासूबाईंचा. उरलेले दोन स्किमरच्या निवडीत झाले, आणि निवड माझी होती.

सासूबाईंचं तेरावं उरकल्यावर आम्ही सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, कन्नडहून इकडे संभाजीनगरला घेऊन आलो. साखर कारखान्यात रस गाळायच्या विभागात त्यांची उभी हयात गेलेली. इथं आले आणि खुर्चीत बसून भिंतीकडे बघू लागले. काही विचारलं तर "व्हय", नाहीतर "नाय". तिसरा शब्द नाही. ताटातली भाकरी ताटात. डॉक्टर म्हणाले, "मन रमेल असं काहीतरी द्या."

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजिवांनी थेट काचेची टाकी पाठवून दिली. त्यातही साध्या माशांची नव्हे, समुद्रातल्या! "आई, रंग बघ ना त्यांचे!" ज्या शहरात गोड्या पाण्याचा नळ कधी येईल याची खात्री कुणी देत नाही, तिथं आम्ही समुद्र करायला घेतला.

आता या समुद्राला स्किमर लागतो. ही एक नळकांड्यासारखी वस्तू असते. ती पाण्यात बारीक बुडबुडे सोडते, माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते आणि वरच्या कपात तपकिरी पाणी बनून साठते. कप ओतून द्यायचा, की झालं. स्किमर चालला तर मासे जगतात.

मी वाळूजला एका कंपनीचं स्टोअर सांभाळते. साधा नट घ्यायचा तरी चार नमुने मागवते. त्यामुळे स्किमरचा तक्ता केला: आवाज, वीज, आकार, सुटे भाग आणि (हा रकाना माझा खास) बाहेर पाणी किती टाकतो. मग माशांच्या दुकानात गेले. दुकानदार अन्वरभाई म्हणजे कायम नुकतेच मयतीहून परतल्यासारखे.

"भाभी, खारे पानी का काम है. मछली मरतीच है."

"अहो, मी स्किमरचं विचारतेय."

"हौ, वोइच बतारा हूं. बडा लो, छोटा लो, मरतीच है."

त्यांचा धंदा का वाढत नाही, हे मला तिथंच कळलं. सगळ्यात कमी पाणी बाहेर टाकणारा स्किमर निवडून मी विजयी मुद्रेनं घरी आले. टाकीतलं पाणी माशांना मानवेल असं मुरवण्यात महिना गेला. मग मासे आले: पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी आणि एक निळा, चिमुकला, अत्यंत रागीट. काचेला बोट लावलं की अंगावर धावून यायचा.

माझे पाण्याचे नियम घरात सगळ्यांना पाठ आहेत. तांदळाचं धुवण झाडांना, शुद्धीकरण यंत्राचं टाकाऊ पाणी फरशीला, मोरीत थेट काही नाही. आप्पांनाही बजावलं, "आप्पा, हे पाणी विकतचं मीठ घालून बनवलंय. दुधासारखं जपायचं. थेंबसुद्धा वाया जाता कामा नये."

"व्हय," आप्पा म्हणाले.

आणि खरंच, आप्पा रमले! खुर्ची भिंतीकडून टाकीकडे वळली. भाकरी संपू लागली. मी स्वतःवर फार खूश होते. खटकत होती एकच गोष्ट. रोज संध्याकाळी घरी येऊन बघावं, तर स्किमरचा कप स्वच्छ! कोरडा! घासून ठेवलेल्या तांब्यासारखा लखलखीत! बुडबुडे यायचे, फेस चढायचा, पण घाणीचा पत्ता नाही.

"नयी मशीन है, टाइम लगता," अन्वरभाई म्हणाले. "तब तक मछली..."

"पुढचं बोलू नका."

आठवड्याभरात नारिंगी जोडीतला एक गेला. त्याला बाल्कनीतल्या कढीलिंबाच्या कुंडीत पुरलं. (तो कढीलिंबही का कोण जाणे, वाळत चालला होता. मी त्याला खत घातलं.) ह्यांनी वातावरण हलकं करायला विचारलं, "आता मुंडण कुणी करायचं?" आणि लगेच स्वतःच्याच डोक्यावरून हात फिरवला. आईच्या वेळचे त्यांचे केस अजून पुरते वाढले नव्हते.

मी तडक दुकानात.

"स्किमर बिघडलेला आहे!"

"मशीन चलरी क्या?"

"चालतेय."

"बुलबुले?"

"आहेत."

"फिर कप में मैल कायकू नै आरा?"

"तेच तर विचारायला आलेय मी!"

अन्वरभाईंनी आभाळाकडे पाहिलं. मी दुसरा स्किमर घेतला. दुप्पट मोठा. शाळेचा गणवेश घेताना आपण वाढत्या अंगाचा घेतो ना, तसा. तो टाकीत बसवल्यावर माशांना जागा उरली नाही, पण मला समाधान वाटलं. संध्याकाळी कप पाहिला. लखलखीत!

नारिंगी जोडीतला दुसराही गेला. कढीलिंबाची उरलेली पानंही गळली. आप्पांची भाकरी पुन्हा ताटात राहू लागली. आणि एका सकाळी डबा भरताना मी त्यांचा आवाज ऐकला. ते निळ्या माशाशी बोलत होते.

"अगं, तू तरी खाऊन घे. रुसू नगं."

माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. सासूबाईंना ते आयुष्यभर 'अगं' म्हणूनच हाक मारायचे. (शिवाय स्वयंपाकघरात कुणी हात घातला की त्याही अशाच धावून यायच्या.) हा मासा गेला तर आप्पा राहणार नाहीत, एवढं मला पोळीच्या धुरात स्पष्ट दिसलं.

त्या दिवशी कामात लक्षच लागेना. दुपारीच रजा टाकून घरी आले. दार उघडलं तर आप्पा जमिनीवर बसलेले. समोर स्किमरचा कप, तपकिरी पाण्यानं काठोकाठ भरलेला! आप्पा जुन्या धोतराच्या फडक्यातून ते पाणी पातेल्यात गाळत होते. फडक्यावरचा चिखल एका वाटीत काढून ठेवलेला.

"आप्पा, हे काय?"

"मळी," आप्पा म्हणाले. आणि सासूबाई गेल्यापासूनचं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण झालं. "कारखान्यात रसाची मळी निघती. ती दाबून घ्यायची, निघंल ते पाणी परत रसात सोडायचं. मळी जाती शेताला. कायच वाया नाय. तू म्हनली व्हतीस ना, थेंब जाया नगं? म्हून रोज पाणी टाकीत अन् गाळ कढीलिंबाला."

म्हणजे स्किमर जी घाण दिवसभर राबून काढत होता, ती आप्पा रोज दुपारी गाळून परत समुद्रात सोडत होते, आणि खारा गाळ माझ्या कढीलिंबाला! दोन्ही स्किमर निर्दोष होते. अन्वरभाई निर्दोष होते. आप्पा तर माझ्याच हुकुमाचे ताबेदार.

निळा मासा तळाशी आडवा पडला होता. मी पदर खोचला, बादल्या काढल्या आणि साठवणीतलं मिठाचं पाणी आणलं. आप्पा बादली धरत होते, मी ओतत होते. टाकीतलं निम्मं जुनं पाणी मी मोरीत सोडलं. थेट मोरीत! आप्पा मोरीकडे बघतच राहिले. मग त्यांनी बादली खाली ठेवली.

"सूनबाई, ती दोगं माझ्यामुळं गेली का?"

"छे, छे! मशीन खराब होतं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

एकदा खोटं बोलल्यावर ते निभावणं आलं. संध्याकाळी मी तिसरा स्किमर घेतला. अन्वरभाईंनी या वेळी मरणाचं नावही काढलं नाही. फक्त माझ्या डोक्याकडे काळजीनं पाहिलं.

"आप्पा, या नव्या मशीनचं पाणी परत टाकलेलं चालत नाही. कंपनीचा नियम आहे. सगळं मोरीत."

"मोरीत? तू म्हनतीस?"

"मीच म्हणतेय."

"व्हय," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निळा मासा सरळ पोहत होता आणि काचेला लावलेल्या माझ्या बोटावर धावून आला. कुणी अंगावर धावून आल्याचा इतका आनंद मला सासूबाईंच्या हयातीत कधी झाला नव्हता. कपात घाण होती, कढीलिंब गेला होता आणि आप्पांच्या ताटात भाकरीचा तुकडाही उरला नव्हता. मी हिशेबानं सगळं निभावून नेलं, या समाधानात चहा टाकायला वळले. तेवढ्यात मागून, टाकीजवळून, आप्पांचा हळू आवाज आला.

"बघ गं, तीन मशिनी घेतल्या बाईनं. मला एकदा नीट सांगितलं असतं, तर एकीतच भागलं असतं."

मी दारातून वळून पाहिलं. माशानं माझी बाजू घेतली नाही.