न टाकवणारा कांदा

गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता इंदिरानगरातल्या आपल्या सोसायटीच्या हॉलला कुलूप लागलं, आणि अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या मावशींवर.

दर मंगळवारी त्या हॉलमध्ये आमच्या बायकांच्या गटात गाणं लागलं की सगळ्या गोल उभ्या राहतात. मनात असेल ते एकीने हातापायांनी दाखवायचं, बाकीच्यांनी तसंच करायचं. मावशी दरवेळी रिकाम्या हातांनी कांदे निवडून दाखवायच्या. विंचूरच्या खळ्यावर कांदे निवडण्यात जन्म गेला त्यांचा. राग आला की सडका कांदा असा भिरकावायच्या की समोरची बाजूला सरायची. मला टोमणा ठरलेला, "अगं, कांदा फेकतीस का फूल वाहतीस?"

त्यांची लेक वारल्यावर त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा वाकल्या, ओंजळीत काहीतरी उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. "हा टाकवत नाय गं," म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी ओंजळी धरल्या. तेव्हा कुठे त्या रडल्या. घरी रडायची चोरी. सून म्हणते, पोरं घाबरतात.

ही गोष्ट हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या, सोसायटी कमिटीच्या काकांच्या कानावर गेली. "घरात सुतक अन् ही बाई नाचते? शोभतं का?" म्हणाले, आणि पुढच्याच मंगळवारी कुलूप घातलं.

कुलपासमोर मावशींनी क्षणभर ओंजळ धरली. मग हात पदराला पुसले. "चालले गं पोरी." तेव्हापासून त्यांचं दार बंद आहे.

शोक कसा करायचा हे कमिटी ठरवणार? हॉल तुमचाही आहे. येत्या मंगळवारी चार वाजता काकांकडून किल्ली घ्या, कुलूप उघडा, आणि मावशींना हाक मारायला माझ्याबरोबर चला.