तारेला मारलेली गाठ

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी वर्गात सरळ सांगून टाकलं, "उगं डोकं लावत बसू नका. दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतोय. आणा आणि ठेवा." सगळ्यांनी आणला. मी नाही आणला. माझा विषय वायरशिवाय वीज पाठवण्याचा. पाठवायचीच तर ती माझ्या हातानं जाईल, नाहीतर नको, असा माझा हट्ट. घरी वडिलांनी बजावलं होतं, "नापास झालीस तर शिक्षण बंद. काकूसंगं टॉवेलच्या शिलाईला जायचं." वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवतात, आणि बोलतात ते करतात.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून उरलेली तांब्याची तार मागून आणली. प्लास्टिकच्या डब्यावर गुंडाळून दोन कॉइल केल्या. एकीला ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि सेल. दुसरीला नुसता एलईडी. दुसरी पहिलीवर अधांतरी धरली की एलईडी पेटायचा. माझी अम्मा दर वेळी दोन्हींच्या मधून हात फिरवून बघायची, कुठं तार लपवलीय का म्हणून.

परीक्षेच्या दिवशी बसच्या गर्दीत पिशवी दाबली गेली आणि पहिल्या कॉइलची तार तुटली. हॉलमध्ये पोचल्या पोचल्या मी ती झटक्यात जोडली आणि सरांसमोर सेल लावला. एलईडी ढिम्म.

"म्हणलं होतं की नाही?" सर हसले. कपाटातला गेल्या वर्षीचा चकचकीत प्रोजेक्ट त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "हे ठेव, पास होशील."

डोळ्यांपुढे काकूची शिलाईची मशीनच दिसायला लागली. पण राग त्याहून मोठा होता. मी तो प्रोजेक्ट परत सरकवला आणि सगळी तार बोटांतून फिरवली. जोडापाशी आले आणि माझं मलाच हसू आलं. घाईत मी आमची मागावरची गाठ मारली होती, तुटलेल्या सुताला मारतात ती! सुताला ती पुरते. या तारेवर मात्र वार्निशचा थर असतो. तो खरवडल्याशिवाय तांब्याला तांबं लागत नाही. ब्लेडनं दोन्ही टोकं घासली, पीळ दिला. एलईडी लागला. सरांनी तो चकचकीत प्रोजेक्ट उचलून परत कपाटात ठेवला.

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी आले. त्यांनी कॉइल उचलून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"छान आहे. कुणी करून दिलं?"

मी त्यांच्या हातातली कॉइल घेतली आणि तार तटकन तोडली.

"बसा सर," म्हटलं, "आता बघा कोण करतंय."