फवारलेल्या ओळीची लाल चिंधी

आमच्या युनियनचे किस्से सांगायला बसलं की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. कामं झाली असती तर किस्से कमी झाले असते. होत नाहीत, म्हणून साचतात!

वडीगोद्रीपासून थोडं आत मोसंबीची मोठी बाग आहे. मालक शहरात, बाग मॅनेजरच्या हाती. फवारणीचा पंप मी चालवतो, निंदणी-तोडणीला बायका. आमची मागणी एकच होती : फवारलं की चार दिवस त्या ओळीत बायकांना पाठवू नका. त्यांच्यातल्या कौसाबाईचे डोळे दोनदा असे सुजले की आठ-आठ दिवस सून हात धरून फिरवायची. औषध मारणारा मीच होतो, हे मला अजून खातं.

*

युनियनच्या पहिल्या सभेला शहरातून मोठे नेते आले. सोबत तयार बॅनर. त्यावर हिरव्यागार डोंगरात, पाठीला टोपल्या बांधून बायका चहाची पानं खुडतायत! नेते तासभर चहाच्या मळ्यांवर बोलले. मोसंबीचं नाव नाही.

कौसाबाई मला म्हणाली, "भगवान, ह्यायला सांग बाबा, आमी चहा फकस्त पितो. त्यो बी बिगर दुधाचा."

*

मग मळ्यातल्या मजुरांचा कायदा आम्हालाही लावा, असा अर्ज घेऊन आम्ही कामगार ऑफिसात गेलो. साहेबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. म्हणाले, "मळा म्हणजे चहा, कॉफी, रबर. मोसंबी त्यात बसत नाही. तुम्ही शेतमजूर, पलीकडच्या टेबलावर जा."

पलीकडच्या टेबलावरचे साहेब रजेवर. माझं डोकं सणकलं. कौसाबाई मात्र शांतपणे पहिल्या टेबलाकडे वळली.

"सायेब, मंग एक कागद त्या औषदाला बी द्या. ही मोसंबी हाय, हितं डोळ्यात जाऊ नको म्हनावं!"

साहेबांनी फाइल उघडली आणि तिच्यात तोंड खुपसलं.

*

शेवटी कायदा आम्हीच केला. फवारणी झाली की ओळीच्या पहिल्या झाडाला मी लाल चिंधी बांधायची, चार दिवस झाले की कौसाबाईनं सोडायची. चिंधी असेल तिथं एकही बाई पाय टाकत नसे. वर्षभर कोणाचे डोळे सुजले नाहीत.

हे मॅनेजरला बघवलं नाही. त्यानं स्वतःचीच युनियन काढली! अध्यक्ष त्याचा साडू, ज्याचं हायवेला मोबाइलचं दुकान. पहिला ठराव, मालकांचा सत्कार. दुसरा ठराव, चिंध्यांमुळे बागेची शोभा जाते. चोराच्या उलट्या बोंबा! आमचे नेते फोनवर म्हणाले, "संयम ठेवा." डोळे त्यांचे थोडेच जळत होते?

*

यंदा तोडणीचा पहिला दिवस. आमच्याकडे पहिलं फळ मालकाच्या घरच्यांनीच तोडायचं असतं, नारळ फोडून. मॅनेजरनं सकाळीच सगळ्या चिंध्या सोडल्या. "पाव्हने येऊन राह्यले, अन् हे काय लटकवून ठेवलंय? मालक यायच्या आत रस्त्याकडच्या ओळीतलं गवत काढा. जल्दी!"

मी म्हणालो, "सायेब, त्या ओळीत काल सांजच्याला मीच मारलंय. तुमीच सांगितलं व्हतं."

"तुला तारीख तरी कळती का? चार दिवस झाले बराबर. बिलकुल धोका न्हाई. ज्याला जायचं न्हाई, त्यानं उद्यापून कामावर यायचं न्हाई."

कौसाबाई बांधावर बसली. तिच्या मागं एकेक करत सगळ्या बसल्या. उद्याचं काम जाणार हे प्रत्येकीला माहीत होतं, तरी एकही उठली नाही.

तेवढ्यात गाडी आली. मालक उतरले, त्यांची सून उतरली, पाच-सहा वर्षांची नात उतरली. नारळ फुटायच्या आतच पोरगी पळत सुटली ती थेट रस्त्याकडच्या ओळीत. खाली लोंबणाऱ्या मोसंबीला हात घालणार, तोच मॅनेजर जिवाच्या आकांतानं ओरडला.

"बेबी, हात लावू नका! कालच फवारलंय!"

पोरीनं हात मागं घेतला. मालक मॅनेजरकडे बघत राहिले.

कौसाबाई बांधावरून उठली. आपल्या लाल लुगड्याच्या पदराची कड तिनं टर्रकन फाडली आणि मॅनेजरच्या हातात दिली.

"बांधा, सायेब."