शेणव्याची हळद

नव्वदच्या दशकात वाशिंदला माझा टायपिंगचा क्लास होता. खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. गिरणी सुरू झाली की टेबलं हलायची आणि मुलींच्या ओळी वाकड्या व्हायच्या. क्लास चांगला चालला होता, पण मग ऑफिसांत कॉम्प्युटर आले आणि माझ्याकडची मशिनं एकेक करून झाकणाखाली गेली. वडील कंपनीतून घरी आले की रोज विचारायचे, आज कोणी आलं का. आलेलं नसायचं.

पण जुने विद्यार्थी येत. माझ्या हाताखालून गेलेली पोरं-पोरी मुंबईच्या ऑफिसांत लागली होती. त्यांतली एक मुलगी एकदा आली आणि म्हणाली, मॅडम, आमच्या ऑफिसची सहल न्यायची आहे, आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? ती वाशिंदमध्येच वाढलेली. माहुलीचा किल्ला रोज गाडीच्या खिडकीतून बघायची, पण त्याच्या पायथ्याशी कधी गेली नव्हती. खरं सांगायचं तर मीही गेले नव्हते.

तिच्यासाठी चौकशी करता करता मला दोन माणसं भेटली. एक मुरबाडचा जीपवाला. शहापूर-मुरबाड रस्त्यावर त्याची काळी-पिवळी जीप चाले, आणि त्या रस्त्यावर कुणाच्या घरी काय शिजतंय इथपर्यंत त्याला ठाऊक असे. दुसऱ्या म्हणजे शेणवे गावातल्या काकू. त्यांचं घर रस्त्याला लागून, शेती भाताची, हाताला चव. जीपवाल्याचे पॅसेंजर कधी अडकले तर काकूंच्या पडवीत जेवून जात. आम्ही तिघांनी ठरवलं की माणसं मी आणायची, जीपवाल्याने फिरवायची आणि काकूंनी जेवू घालायची. याला पर्यटन म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं.

पहिली बैठक काकूंच्या पडवीत झाली आणि तालुक्यांवरून भांडणात गेली. जीपवाल्याचं म्हणणं, पाहुण्यांना सरळ मुरबाडला न्यावं. घाट तिकडे, म्हसा गावची जत्रा तिकडे, शहापुरात धरणांशिवाय आहे काय. काकू शांतपणे म्हणाल्या, मुंबईवाले रोज आमचंच पाणी पितात, ते कुठनं येतं तेवढं तरी बघून जाऊ देत. मग दोन्ही तालुके दाखवायचे ठरले.

त्या दिवशी काकूंनी मला चुलीजवळ पाट मांडून जेवायला वाढलं. घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, तुला ताट कुठं वाढलं? मी सांगितलं. आमच्या जातीची माणसं त्या बाजूच्या गावांत अंगणात, लांब बसून जेवत आली होती, ते आईने पाहिलेलं होतं. तिने फडताळातला तिळाचा डबा उघडून बघितला. मग म्हणाली, पुढच्या वेळी रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पुढच्या वेळी मी आईच्या हातचे तिळाचे लाडू घेऊन गेले.

पहिले पाहुणे आले तेव्हा तुळशीची लग्नं उरकलेली होती आणि हवेत चांगला गारवा होता. त्या मुलीच्या ऑफिसातली दोन जीप भरतील एवढी माणसं. आसनगावला उतरली, माहुलीचा पायथा बघितला, फोटो काढले, थोडी चढली आणि लगेच भूक लागली म्हणाली. आम्ही शेणव्याला पोचलो तर काकूंच्या दाराला कडी, चूल थंड. साहेब लोक अंगणात उभे, आणि मी त्यांना सांगतेय की जेवण होतच आलंय.

जीपवाला गल्लीत जाऊन आला आणि मला हळूच म्हणाला की शेजारी हळद आहे, अख्खा गाव तिथेच आहे. मी मांडवात गेले. काकू हात पिवळे करून बसल्या होत्या. मी विचारलं, काकू, जेवणाचं काय?

"हळदीच्या दिवशी घरी कोण शिजवतं गो?" त्या म्हणाल्या. "सगला गाव इथंच जेवतो. त्यांना पण घेऊन ये."

मला वाटलं झालं, ही पहिली आणि शेवटची सहल. पण पाहुणे मांडवात पंगतीला बसले, भाताच्या ढिगात खड्डा करून वरण कसं ओतायचं ते शेजारच्याकडे बघून शिकले आणि जेवण झाल्यावर उठेचनात. बायकांनी हळदीची गाणी धरली. त्यांच्या ऑफिसात सगळे ज्यांना घाबरत त्या मोठ्या साहेबांना नवरदेवाच्या मावशीने धरून बसवलं आणि गालाला हळद फासली. साहेब आधी आखडले, मग नाचायलाच उतरले. परतीच्या गाडीला बसेपर्यंत सगळे पिवळे होते, आणि मुरबाडची बाजू बघायचीच राहिली. जीपवाला दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. त्या ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात बातमी गेली. आमच्याकडे फोन येऊ लागले, आणि फोनवर कुणी किल्ल्याचं विचारत नव्हतं की घाटाचं. सगळ्यांचा एकच प्रश्न, लग्न आहे का? मी सांगायची, गावात लग्न असलं तर असेल, आमच्या हातात नाही. एकदा खरंच होतं, तेव्हा पुन्हा पाहुण्यांना मांडवात नेलं. पण मग पौष लागला. पौषात लग्नं होत नाहीत हे मुंबईच्या माणसाला फोनवर समजावणं फार अवघड असतं.

तशात एका मोठ्या ग्रुपने यायचं पक्कं केलं आणि हळद बघायचीच असा हट्ट धरला. आम्ही पुन्हा पडवीत बसलो. या वेळी जीपवाल्याची बायको पण होती. पाहुणे वाढल्यापासून ती काकूंना भाकऱ्या थापायला येत असे. कमी बोलणारी, पण भाकरी अशी गोल की बघत राहावं. आम्ही तिला वहिनी म्हणत असू.

जीपवाला म्हणाला की आपणच लटकी हळद लावू. दोन माणसं बसवायची, गाणी म्हणायची, कुणाचं काय जातंय, नाटकात नाय का लावत. काकूंना ते अजिबात पटलं नाही. हळद काय खेळ आहे का, आणि तीही पौषात, असं त्या म्हणाल्या. मला दोघांचंही पटत होतं.

तेवढ्यात आतून वहिनी आली, पिठाचे हात तसेच. "माझी लावा," ती म्हणाली.

"काय लावा?" काकूंनी विचारलं.

"माझी हळद लागलीच नाय. लग्न तर होऊन गेलंय, मला आता मुहूर्ताचं काय?"

तिची हकिगत काकूंना माहीत होती, मला त्या दिवशी कळली. वहिनीचं माहेर म्हशाजवळचं. ती याच्या जीपमधून शिवणाच्या क्लासला जायची आणि त्यातूनच त्यांचं जमलं. तेव्हा हा दुसऱ्याची गाडी चालवायचा. तिच्या बापाने ड्रायव्हरला मुलगी देणार नाही म्हणून सांगितलं आणि दुसरीकडे बोलणी सुरू केली. मग या दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या, एकमेकांना हार घातले आणि रसवंतीत उसाचा रस पिऊन घरी आले. माहेरचं कुणी आलं नाही आणि नंतरही तिला कुणी बोलावलं नाही. दोन मुलं झाली तरी नाही.

काकू उठल्या, आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, घाणा भरायला, हळद दळायला जातं कुणाचं आणायचं? म्हणजे त्यांचं ठरलं होतं.

मग मात्र ते लटकं राहिलंच नाही. गावातल्या बायकांनी मांडवाला आंब्याचे टहाळे आणले, जात्याला सुपारी बांधली, वहिनीला पाटावर बसवलं. तिचा मोठा मुलगा आईच्या लग्नाला जातोय म्हणून शाळेत सांगून आला होता, त्यावर मास्तर काय म्हणाले ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. जीपवाला नवं धोतर नेसून इतका लाजला की त्याला दोघांनी धरून बसवावं लागलं. पाहुणे आले, मांडवाच्या कडेने बसले, कॅमेऱ्यात रोल भरले.

हळद अर्धी लागली असेल, तेव्हा रस्त्यावर एस.टी. थांबली आणि तीन बायका उतरल्या. पुढची वयस्कर, डोक्यावर पदर घट्ट, हातात पिशवी. ती मांडवाच्या तोंडाशी आली आणि थांबली. गाणं म्हणणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. वहिनीने वर बघितलं आणि तिचा चेहरा हळदीखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला.

त्या रस्त्याला बातमी जीपमधून फिरते. म्हशाच्या बाजूला कुणीतरी बोललं असणार की तुमच्या लेकीची हळद आहे. काय ऐकलं, किती खरं मानलं, कोण जाणे. पण आई आली होती. तिने पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि वाटीतली हळद घेऊन तिच्या पायांना लावायला बसली. नुसती हळद लावत राहिली ती, पायाला, हाताला, मग पुन्हा पायाला.

माझ्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्याने हळूच विचारलं, "या बाई पण तुमच्या ग्रुपमधल्या का? किती छान करतायत."

मी म्हटलं, "नाही. त्या तिच्या आई आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मांडवाकडे. कॅमेरा पिशवीत ठेवला आणि शेजारच्यालाही ठेवायला सांगितला. काकूंनी डोळे पुसत गाणं पुन्हा उचललं. त्या जेवणात मीठ जास्त पडलं होतं, पण पाहुणे मुकाट जेवले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगून टाकलं की आता पुन्हा हळद नाही. असली तर असली, नसली तर नाही. जीपवाल्यानेही मान डोलावली. मी फोनवर तसं सांगू लागले. काही माणसं गळली, काही आली. आलेल्यांना आम्ही भातलावणीला चिखलात उतरवलं, माहुलीवर चढवलं, घाटाकडे नेलं, आणि बहुतेक जण खूश होऊन गेले.

पण त्या हळदीने आमचा एक घरोबा वाढवला. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. वहिनीच्या आईने निरोप धाडला की जत्रेला घरी या, पाहुणे असतील तर त्यांनाही आणा, ओटी मोठी आहे. आम्ही जीप भरून गेलो. दारात बाप बसला होता. लेकीकडे त्याने एकदा बघितलं, नातवंडांना जवळ ओढलं, जावयाकडे मात्र मान वळवली नाही. पाहुण्यांना घेऊन बैलबाजारात गेला आणि बैल कसा बघायचा यावर इतकं बोलला की त्यातल्या एका बाईला घरी न्यायला घोंगडी घ्यायची होती ती राहूनच गेली.

परत आल्यावर पाहुणे ओटीवर टेकले. जीपवाला अंगणात, उन्हात, गाडीला टेकून उभा होता. आत यावं की न यावं त्याला कळत नव्हतं. सासऱ्याने बराच वेळ तंबाखू मळली. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "टायर तापतील. गाडी सावलीत लाव."

जीपवाल्याने गाडी आंब्याखाली घेतली. पुढची सात-आठ वर्षं, महामार्गाच्या कडेला रिसॉर्ट येईपर्यंत, आमच्या जत्रेच्या पाहुण्यांचा मुक्काम त्याच ओटीवर पडत असे, आणि त्यांना बैलबाजार दाखवायला सासरा-जावई दोघे मिळून जात.