ड्रममधली पँट

आमचे हे शिंपी. कापडाची चिंधी जरी वाया गेली तरी यांच्या जिवाला लागतं. दुकानात होतं तोवर ठीक, पण गेल्या वर्षी हे खूळ अंगणात उतरलं.

अंगणात कुठलंसं परकं तण माजलं होतं. आज उपटावं तर उद्या दुप्पट! माझ्या लिंबाच्या झाडालाही त्यानं विळखा घातला. वरच्या मजल्यावरचे माझे मोठे दीर वैतागले. म्हणाले, "गवंडी बोलावतो. सगळीकडे फरशी घालू. ते झाडही तोडून टाका, नाहीतरी त्याला एक लिंबू धरत नाही."

बी रुजवून, लेकरासारखं जपून वाढवलं होतं मी ते झाड.

"दादा, जरा थांब," हे म्हणाले. "तण मी काढतो, आणि त्याच तणाचं खत करून झाडाला फुलंही आणतो."

युक्ती अशी, की तण कापडात बांधून पाण्याच्या ड्रममध्ये कुजवायचं. मग ते काळं पाणी फिक्या चहाच्या रंगावर येईपर्यंत पातळ करायचं आणि झाडाला घालायचं. पण शिंप्याला साधं पोतं कसं चालेल? यांनी दुकानातल्या गाठोड्यातली एक जुनी पँट काढली, पायांची टोकं शिवून बंद केली, आत तण ठासलं, कंबरेला दोरी आवळली आणि दिली बुडवून.

वास तर विचारूच नका! आम्ही खिडक्या लावून जेवायचो. हे मात्र रोज झाकण उघडून अत्तर हुंगावं तसे हुंगायचे. त्या वासापायी मी अंगणात फिरकायचंच सोडून दिलं. आतलं तण कुजलं की काळं पाणी झाडाला जायचं आणि पँट अंगणातल्या तणानं पुन्हा भरली जायची.

एका सकाळी हे ती फुगलेली पँट ड्रममधून ओढून काढत होते. नेमकं शेजारच्या नर्सबाईंनी कुंपणावरून पाहिलं.

"अगं बाई! कुणीतरी बुडालं!"

त्या किंकाळीनं अख्खी गल्ली गोळा झाली. दीरही धावत खाली आले. पँट बघून मटकन पायरीवर बसले.

"अरे, ही माझ्या सुटाची! कंबर सैल करायला दिली होती तुला!"

खरं सांगते, ती पँट मुळातच इतकी जुनाट होती, की टाकाऊ समजून कुणीही फसलं असतं. पण यांनी गप्प बसावं की नाही?

"झालीये की सैल, दादा."

"उद्याच गवंडी!" दीर कडाडले आणि तरातरा वर गेले.

मग मी यांना असं फैलावर घेतलं की विचारता सोय नाही. "तुमच्या त्या मेल्या पँटपायी माझं झाड चाललं!" हे मान खाली घालून उरलंसुरलं तण उपटत बसले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. अंगण लख्ख. "तण कुठंय, साहेब?" म्हणत तो झाडाखाली गेला, वर बघितलं आणि टेप गुंडाळायला लागला. "फुलावर आलेलं झाड मी नाही तोडायचा."

मी धावले. फांदीफांदीला पांढरी फुलं! पदर डोळ्यांना लावून मी तिथेच रडले.

मागून आलेल्या दीरांनी फुलं पाहिली आणि ते वर निघून गेले. आता कुऱ्हाड आणतात की काय, म्हणून मी झाडाला पाठ लावून उभी राहिले. ते खाली आले ते सुटाचा कोट घेऊन. तो यांच्या अंगावर टाकून म्हणाले, "धर. यात जास्त मावेल."