डेस्लीला यंत्र ठरवलं तेव्हा

डेस्ली हॉकिन डंपर चालवायची. डंपर म्हणजे चढायला शिडी लागते असला, घराएवढा. वर बसलेली बाई खालून दिसायचीच नाही, दिसायचं ते फक्त खिडकीतून बाहेर आलेलं कोपराचं टोक. मोरानबाच्या बाजूला आमची कोळशाची खाण, तिथं आमच्या पाळीत तीच सगळ्यांत जुनी. दोन आठवडे खाणीच्या कॅम्पवर, एक आठवडा सरिना गावात घरी, असं तिचं आयुष्य चाललेलं. नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता, पण त्याच्याबद्दल ती वाकडं बोलायची नाही. "त्याला घरात कुत्री हवी होती, मला नको होती. मग कुत्री राहिली आणि मी निघाले," एवढंच सांगायची आणि स्वतःच हसायची.

एक मुलगा, डार्सी. तो पार खाली टास्मानियात, समुद्रात पिंजरे सोडून सॅमन मासे पाळतात तिथं कामाला. पोरगा गुणी, पण मुलखाचा घुम्या. फोन केला की "हं" आणि "बरंय". मेसेज केला तरी तेच, फक्त लिहून. मात्र हाताला काम असलं की त्याचं तोंड सुटायचं. लहान असताना डेस्ली कुंपणाची तार ताणायला बसली की हा पक्कड धरून शेजारी बसायचा, आणि शाळेत कोण रडलं, कुणाच्या डब्यात काय होतं, मास्तर काय बोलले, सगळं भडाभडा सांगायचा. तार संपली की परत गप्प.

आता दोघांच्या मध्ये अख्खा देश. ताणायला तार कुठली आणायची? मग डार्सीनंच एक ऑनलाइन खेळ शोधला. बेटांचा खेळ. लाकडं तोडा, मासे धरा, धक्के बांधा, बोटी रंगवा. डेस्लीला खेळाबिळात रस नव्हता. पण बेटावर दोघांची दोन माणसं शेजारी उभी राहून झाड तोडायला लागली की कोपऱ्यात डार्सीची अक्षरं उमटायला लागायची. मुकादम कसा आहे, गुडघा कसा दुखतो, भाड्याच्या खोलीत भिंतीला बुरशी कशी धरलीय. डेस्ली त्या खेळात एकदाही बेटाच्या पलीकडे गेली नाही. झाडं तोडत राहिली.

अडचण एकच होती. कॅम्पच्या इंटरनेटवर खेळ चालत नसत. पोरांनी रात्रंदिवस खेळून सगळ्यांचं इंटरनेट तुंबवल्यावर साहेबांनी खेळच बंद करून टाकले होते. पण घरचा कॉम्प्युटर इथं बसून दुरून चालवायचं सॉफ्टवेअर सुरू होतं, कारण ते साहेबांनाच लागायचं. डेस्लीनं घरचा कॉम्प्युटर चालूच ठेवला. पाळी सुटली, अंघोळ झाली, की इथं खोलीत टॅबलेटवर बोट फिरवायचं आणि तिकडं सरिनाच्या रिकाम्या घरात माऊसचा बाण आपोआप हलायचा.

"भूतबीत लागल्यासारखं," गॅव्हन टकवेल म्हणायचा. गॅव्हन आमचा फिटर, लाँगरीचकडचा, पोटाचा आणि तोंडाचा दोन्हीचा मोठा. "आगं, चोर शिरला तुझ्या घरात आनि त्यानं त्यो कांपुटर बघितला, तर ओरडत पळंल बाहेर."

"चोरानं येऊन तेवढी भांडी घासली तर बरं होईल," डेस्ली म्हणायची.

एका संध्याकाळी ती जेवायला आली ती ताट न घेताच बाकावर बसली. आमच्या कॅम्पात बुधवारी भाजलेल्या डुकराच्या मांसाला रांग लागते, आणि डेस्ली त्या रांगेत पहिली असायची. म्हणून सगळ्यांनी मान वळवून पाहिलं.

"मला हाकललं," ती म्हणाली.

"कामावरून?" गॅव्हनचा काटा हवेत.

"खेळातून. म्हणे मी माणूस नाही. यंत्र लावून खेळते. खातं कायमचं बंद."

टेबलावर हशा पिकला. गॅव्हन म्हणाला, "मी तर कवापासून सांगतोय. सकाळी चारला उठून हासणारी बाई मानूस असूच शकत न्हाय."

डेस्ली हसली नाही. तिनं टॅबलेट टेबलावर ठेवला. खातं बंद व्हायच्या आधीच्या ओळींचा फोटो तिनं काढून ठेवला होता. शेवटची ओळ डार्सीची: "आई, एक सांगायचंय. चिडू नकोस." ती उत्तर लिहीत होती, तेवढ्यात पडद्यावर ती सूचना येऊन आदळली.

"मग फोन कर की त्याला," मी म्हणालो.

"केला. म्हणाला, काही नाही, राहू दे. मेसेज केला. 'नंतर.' हे नंतर म्हणजे कधी, ते त्याला झाड तोडताना विचारलं तरच कळतं." तिनं बोटांनी कपाळ चोळलं. "त्याच्या बापाच्या बाजूला काळजाचे आजार आहेत. तीन दिवस मी मनाला वाईट काही सुचू देत नाहीये, पण सुचतंय."

गॅव्हननं हातातला काटा ताटात ठेवला.

तिनं खेळाच्या कंपनीला लिहिलं होतं, आणि तिथंच सगळं चुकलं. खाणीवरच्या माणसाला घरी नसणं ही सांगायची गोष्टच वाटत नाही, ते त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. घर आपलं आपण चालतं, पाणी घालायचं यंत्र बागेला पाणी घालतं, आपण वरून लक्ष ठेवतो. डेस्लीनं मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलं: "मी घरी नसतेच. घरी कुणीच नसतं. कॉम्प्युटर एकटाच चालू असतो, त्यावरच खेळ चालतो. मी तुम्हाला फसवलेलं नाही."

उत्तर त्या संध्याकाळीच आलं होतं: तुम्ही स्वतःच कबूल केल्याबद्दल धन्यवाद. निर्णय कायम.

गॅव्हननं ते दोनदा वाचलं. "आगं माझ्या बाई, ह्ये तर चोरानं पोलिसाला चावी दिल्यासारखं झालं. कुनीच न्हाय, कांपुटर एकटा हाय, खेळ चालतोय! त्यांच्या जागी मी जरी असतो तरी तुला फासावर दिली असती."

"पण खरं तेच लिहिलं ना?"

"खरं हाय. पन तुझा हात कुटंय त्यात? हात लिव्ह की! मी इतं बसून बोट फिरवते, असं लिव्ह."

त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून दुसरं पत्र लिहिलं. डेस्ली सांगत होती, मी टाइप करत होतो, आणि गॅव्हन मध्येमध्ये शिव्या सुचवत होता, त्या आम्ही घातल्या नाहीत. पत्र गेलं. त्याला उत्तर म्हणून पुन्हा तोच छापील मजकूर आला. दुसऱ्यांदा पाठवलं, तेव्हा तो मजकूरही नाही.

डेस्ली कामात चुकली नाही, पण वायरलेसवर तिचा आवाज कोरडा झाला. एरवी ती डंपरमध्ये कोळसा भरणाऱ्या खोऱ्यावाल्याला म्हणायची, "ये रे राजा, भर माझी ओटी." आता नुसतं "भर". डार्सीला तिनं मेसेजमध्ये एवढंच कळवलं होतं: मला यंत्र ठरवून खेळातून काढलंय, माझा काही दोष नाही, तू जेवतोस ना. त्याचं उत्तर: "ओके."

पण त्या "ओके"नंतर पोरानं गुपचूप कामाला हात घातला होता. हे आम्हाला नंतर कळलं. फोनवर दोन शब्द न बोलणाऱ्या डार्सीनं कंपनीला भलंमोठं पत्र लिहिलं. त्याची आई यंत्र असेल, तर त्या यंत्रानं गेल्या आठवड्यात त्याला मोजे वाळले का असं विचारलंय. हिरवी भाजी खात नाही म्हणून झापलंय. मुकादमाच्या आईचा उद्धार केलाय. आमचं बोलणं काढून वाचा, माझी परवानगी आहे, आणि मग सांगा असलं यंत्र कुठं विकत मिळतं.

आणि कुणीतरी खरंच वाचलं. शनिवारपासून आमची रात्रपाळी लागली होती. त्या दुपारी डेस्लीला पत्र आलं, खाली एका बाईचं नाव, इमेल्डा. "तुमचं संभाषण वाचावं लागलं, माफ करा. असं कटकट करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. खातं सुरू केलंय. पण दुरून चालवलेला बाण आमच्या पहारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला यंत्रासारखाच दिसतो, म्हणून यापुढे समोर बसूनच खेळा. पुन्हा पकडलं गेलं तर मला काही करता येणार नाही."

डेस्ली धावत आली. ती धावताना आम्ही कधी पाहिली नव्हती. "सुटले! पण घरी जायला अजून आठवडा आहे रे!"

"समोर बसूनच ना?" गॅव्हन उठला. "माझा लॅपटॉप हाय. फोनचं इंटरनेट टेकडीवर मिळतंय. चल."

त्याच्या पिकअपमध्ये आम्ही तिघं. टेकडीवर गाडी लावली, डेस्लीनं लॅपटॉप मांडीवर घेतला, फोन काचेपाशी ठेवला. खाली खाण, वर घारी. लॅपटॉपवर खेळ उतरायला इतका वेळ लागला की गॅव्हननं तिघांचेही सँडविच संपवले. मग एकदाचं बेट दिसलं. डार्सीचा माणूस धक्क्यावर उभा होता, नुसता.

डेस्लीनं लिहिलं: "कुऱ्हाड उचल आणि बोल."

तो झाडाशी गेला. तीही गेली. कुऱ्हाडींचे ठोके गाडीतल्या बारक्या स्पीकरमधून येत होते. झाड पडलं. दुसरं धरलं. मग ओळ आली: "मी मासळीचं काम सोडलं. हिवाळ्यातच सोडलं. तुला खोटं सांगत होतो."

डेस्लीनं डोळे मिटून सीटला डोकं टेकलं. "काय झालं?" मी विचारलं.

"काम सोडलंय फक्त," ती म्हणाली. "फक्त काम सोडलंय रे! काळीज ठीक आहे!" आणि हसताहसता तिचं नाक वाहायला लागलं. गॅव्हननं हात पुसायचं तेलकट फडकं पुढे केलं, तिनं तेही घेतलं.

तिनं लिहिलं: "मला वाटलं मरायला टेकलास. गाढवा."

"चिडलीस?"

"हो. भाजी खातोस का?"

आणखी एक झाड पडलं. मग: "खोलीही सोडावी लागतेय. घरी येऊ? थोडे दिवस."

"घर रिकामंच असतं. फ्रीजमधलं दूध आधी फेकून दे, मग बॅग आत घे."

त्यानंतर डार्सी सुटला. तिथल्या थंडीबद्दल, कुणा मुलीबद्दल, मधे विकलेल्या गाडीबद्दल, ओळीवर ओळ. डेस्ली झाडं तोडत वाचत होती, मधेच ओठ हलवत होती. पाळीची वेळ जवळ येत चालली म्हणून गॅव्हननं किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं.

"थांब," डेस्ली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "अजून बोलतोय तो."

गॅव्हननं इंजिन बंद केलं.